वाजवणाराच कंपनी काढतो, ते कसे?

प्रश्न : माझा पुतण्या मुंबईत नोकरी करतो आणि एका हेवी मेटल बँडमध्ये बास गिटार वाजवतो. गणपतीला थळला आला तेव्हा म्हणाला, ‘काका, आमचा अल्बम निघतोय. लेबल आपल्याच ओळखीच्या एका बँडवाल्याचं आहे.’ मला काही उमजले नाही. वाजवणाराच कंपनी काढतो म्हणजे मोठ्या कंपन्यांनी यांना दारात उभे केले नाही असे समजायचे का? यात पैसा कोण घालतो आणि तो परत कोणाला मिळतो? आणि रागावणार नसाल तर विचारतो, तो सगळा आरडाओरडा विकत घेणारे लोक असतात तरी कोण? — एक वाचक, थळ (ता. अलिबाग)

उत्तर : रागावण्यासारखे काही नाही. पुतण्याचे बोलणे कळले नाही म्हणून तुम्ही मान हलवून गप्प बसला नाहीत, पत्र लिहून विचारलेत, याचेच मला कौतुक वाटले. पैशाचा प्रश्न सगळ्यांत नाजूक, म्हणून त्याला जास्त जागा देतो. पण आधी ‘लेबल’ हा शब्द सोडवून घेऊ.

घरात जुनी तबकडी असेल तर काढून पाहा. मधोमध एक गोल कागद चिकटवलेला दिसेल. त्यावर गाण्याचे नाव, गायकाचे नाव आणि कंपनीची खूण असते. भोंग्यापुढे कान देऊन बसलेला एचएमव्हीचा कुत्रा आपल्या पिढीला याच कागदावर भेटला. हा कागद म्हणजे लेबल. पुढे कागदाचे नाव कंपनीलाच पडले. तबकडी गेली, कॅसेट गेली, सीडीही जवळपास गेली, पण शब्द राहिला. तेव्हा लेबल म्हणजे ध्वनिमुद्रण बाहेर काढणारी संस्था. पुस्तकाला जसा प्रकाशक, तसे गाण्याला लेबल.

आता ही संस्था पूर्वी वाजवणाऱ्याच्या हाती का नव्हती? कारण साधे आहे. तबकडी घरी करता येत नव्हती. 1902 साली कोलकात्यात गौहरजानचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा त्याच्या तबकड्या छापायला जर्मनीतल्या हॅनोव्हरला पाठवाव्या लागल्या होत्या. नंतर कोलकात्यातच कारखाना निघाला, तरी यंत्रे, माल, देशभरची दुकाने हे बहुतेक सारे एकाच बलाढ्य कंपनीकडे होते. गवयाने यायचे, गायचे आणि बिदागी घेऊन जायचे. कारखाना ज्याचा, तबकडी त्याची.

आज चांगले मुद्रण करायला एक शांत खोली, एक संगणक, दोन-तीन बरे माइक आणि कान तयार असलेला माणूस एवढे पुरते. गाणे जगभर पोहोचवायला दुकानांची साखळी लागत नाही. कारखाना आणि वितरण ही मोठ्या कंपनीची दोन हत्यारे होती आणि दोन्ही स्वस्त झाली. मग लेबलकडे उरले काय? कोणाचे गाणे काढायचे हे ठरवणे, त्यावर आपले पैसे लावण्याची जोखीम घेणे आणि ते कोणाच्या कानी घालायचे हे माहीत असणे. ही तिन्ही कामे मोठ्या कंपनीतल्या व्यवस्थापकापेक्षा त्याच प्रकारचे संगीत वाजवणाऱ्याला जास्त चांगली जमू शकतात. वाजवणारे लेबल काढतात ते इथून.

म्हणून ‘मोठ्यांनी नाकारले म्हणून स्वतःचे दुकान’ हा समज पुरता बरोबर नाही. आपल्याकडचेच उदाहरण पाहा. 1913 साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी किर्लोस्कर नाटक मंडळी सोडली आणि गंधर्व नाटक मंडळी काढली. या तिघांना किर्लोस्कर मंडळीने नाकारले होते असे कोणी म्हणेल काय? लोक ज्यांच्या नावावर तिकिटे काढत होते, तीच ही माणसे. आपल्या कलेचा कारभार आपल्या हाती असावा, एवढेच त्यांना हवे होते. पाच वर्षांनी मास्टर दीनानाथांनी बळवंत संगीत मंडळी काढली तीही याच वाटेने. गाणाराच मालक, ही रीत मराठी माणसाला नवी नाही. ती आपण विसरलो आहोत.

पुस्तकांच्या जगातही हेच घडले. 1976 साली मुंबईत अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चार कवींनी मिळून ‘क्लिअरिंग हाउस’ ही प्रकाशनसंस्था चालवली. कोलटकरांचे इंग्रजी ‘जेजुरी’ तिथूनच पुस्तकरूपाने आले आणि पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. कवींनी कवींसाठी काढलेली संस्था आणि बँडवाल्याने बँडवाल्यांसाठी काढलेले लेबल, यांत मला तत्त्वाचा फरक दिसत नाही.

परदेशात जड आणि प्रयोगशील रॉकचा इतिहास तर बऱ्याच अंशी अशाच लेबलांनी घडवला. कॅलिफोर्नियात ‘ब्लॅक फ्लॅग’ बँडच्या ग्रेग गिनचा पोरवयापासून हौशी रेडिओचे सुटे भाग टपालाने विकण्याचा धंदा होता. त्याच धंद्याच्या नावाची ‘एसएसटी’ ही अक्षरे घेऊन त्याने 1978 साली लेबल काढले. वॉशिंग्टनमध्ये 1980 साली ‘टीन आयडल्स’ नावाचा शाळकरी पोरांचा बँड मोडला. कार्यक्रमांतून साठलेले पैसे वाटून घेण्याऐवजी त्यांनी त्यातून एक छोटी तबकडी काढली आणि तिची पाकिटे स्वतः कापून, दुमडून, चिकटवली. त्यातून उभे राहिलेले ‘डिस्कॉर्ड’ हे लेबल आजही चालू आहे. नंतर ‘आयसिस’ बँडच्या एरन टर्नरने ‘हायड्रा हेड’ काढले, ‘न्यूरोसिस’ने ‘न्यूरॉट’, तर माइक पॅटनने एका मित्राबरोबर ‘इपेकॅक’. ही सगळी वाजवणारी माणसे आहेत.

आणि आपल्या खाडीपलीकडे, मुंबईत? तिथे रॉकची परंपरा तुम्हाला वाटते त्याहून जुनी आहे. ‘रॉक मशीन’ या बँडचा पहिला अल्बम 1988 चा. धोबीतलावच्या रंगभवनात 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव भरू लागला. पण मोठ्या कंपन्यांचे लक्ष सिनेमाच्या गाण्यांवर आणि नंतर इंडिपॉपवर होते. इंग्रजीत गुरगुरणाऱ्या बँडला रेडिओ नव्हता, दुकानात फळी नव्हती. इथे तुमचा तर्क अर्धा खरा ठरतो. दार उघडे नव्हते हे खरेच.

अशा दिवसांत, 2000 साली, साहिल मखिजा या मुंबईच्या तरुणाने ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ हा बँड सुरू केला. गायक आणि गिटारवादक तोच. रंगमंचावरचे त्याचे नाव ‘डेमनस्टीलर’. त्याच नावाने त्याने ‘डेमनस्टीलर रेकॉर्ड्स’ हे लेबल काढले. आधी स्वतःच्या बँडसाठी आणि मग बंगळुरूच्या ‘माइंडस्नेअर’सारख्या इतरांसाठीही. तुमचा पुतण्या ज्या वाटेने निघाला आहे ती वाट आपल्या भागात ठळक करणाऱ्यांत हे नाव पहिल्या रांगेत घ्यावे लागेल.

या लेबलाने साधले काय ते एका उदाहरणातून कळेल. 2010 साली ‘द रिटर्न टू डार्कनेस’ हा ‘डेमॉनिक रेझरेक्शन’चा अल्बम भारतात घरच्या लेबलावर आला, तर बाहेरच्या देशांसाठी तो ‘कँडललाइट’ या ब्रिटिश कंपनीने काढला. असे का करता आले? मूळ मुद्रणाचे हक्क बँडच्या हाती होते म्हणून. आंब्याची बाग आपली असली की एका हंगामाचा फळांचा ठेका कोणालाही देता येतो, बाग आपलीच राहते. बागच विकून टाकली असती तर ठेका देणारे आपण कोण? त्याच वर्षी लंडनच्या ‘मेटल हॅमर’ मासिकाच्या सोहळ्यात या बँडला जागतिक मेटलसाठीचा पुरस्कार मिळाला. 2014 साली ते जर्मनीतल्या ‘वाकेन’ महोत्सवात वाजवून आले.

वाकेनबद्दल दोन शब्द जास्त सांगतो, कारण तुम्ही गावात राहता. ते काही शहर नव्हे. उत्तर जर्मनीतले शेतीवाडीचे, दोनेक हजार वस्तीचे खेडे. 1990 पासून दर उन्हाळ्यात तिथे मेटलचा मेळा भरतो आणि शेतांतून पाऊण लाखाच्या आसपास माणसे तंबू ठोकतात. ‘विकत घेणारे कोण’ या तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या शेतांत उभे असते. एका गावात असा श्रोता एखादाच असतो, पण जगातली सगळी गावे मिळून तो पुष्कळ भरतो.

आता पैसा. इथे तुम्हाला थळचाच दाखला देतो म्हणजे सोपे जाईल.

मोठी कंपनी बँडला आधी रक्कम देते. ही बक्षीस नसते, उचल असते. उचल म्हणजे काय हे किनाऱ्यावर समजावून सांगावे लागत नाही. हंगामापूर्वी घेतलेले पैसे हंगामाच्या मालातून फिटेपर्यंत हाती काही लागत नाही. समजा कंपनीने पन्नास हजारांची उचल दिली आणि ती स्टुडिओच्या बिलात गेली. सीडीची किंमत दोनशे रुपये आणि बँडचा हिस्सा शेकडा दहा, म्हणजे सीडीमागे वीस रुपये. उचल या वीस-वीस रुपयांतून फेडायची. तेव्हा अडीच हजार सीडी खपेपर्यंत बँडला पुढचा रुपया दिसणार नाही. पाचशेच खपल्या तर खात्यावर चाळीस हजारांची बाकी उभी. बहुतेक करारांत तिच्या वसुलीला कोणी घरी येत नाही, पण ती पुढच्या अल्बमच्या कमाईवर मात्र चढते. आणि गाणे कंपनीचेच राहते.

वाजवणाऱ्याच्या लेबलात बहुधा दुसरी रीत असते. ती तुमच्या होडीवरची आहे. मासळी विकली, डिझेल आणि बर्फाचा खर्च वजा केला, मग उरलेल्याचे वाटे. काही मालकाचे, बाकीचे खलाशांचे. समजा मुद्रण, छपाई, टपाल मिळून साठ हजार खर्च झाला. त्याच पाचशे सीडी दोनशेने गेल्या, एक लाख आले. खर्च जाता उरले चाळीस हजार, निम्मे लेबलाचे, निम्मे बँडचे. वीस हजार फार नाहीत, पाच जणांत वाटले तर चार-चार हजार. पण बाकी शून्य, आणि पुढचा अल्बम कोऱ्या पाटीने. हे आकडे केवळ समजण्यापुरते घेतले आहेत, हिशेबाची रीत मात्र खरी आहे.

मात्र दोनशेच सीडी खपल्या तर? आले चाळीस हजार, गेले साठ. वीस हजारांचा खड्डा लेबलवाल्याच्या खिशाला, आणि तो खिसा म्हणजे त्याचा महिन्याचा पगार किंवा शिकवण्यांची मिळकत. मोठी कंपनी एका अल्बमचे नुकसान दुसऱ्याच्या नफ्यात जिरवते. याच्याकडे दुसरा नसतो. म्हणून असे लेबल चालवणारा माणूस जवळजवळ नेहमी आणखी काहीतरी करून पोट भरतो. साहिल मखिजाला आज कितीतरी लोक गायक म्हणून नव्हे, तर यूट्यूबवरच्या ‘हेडबँगर्स किचन’ या पाककृतींच्या कार्यक्रमामुळे ओळखतात. यात कमीपणा काही नाही. नाटक मंडळ्यांतली मोठमोठी माणसेही कर्जात बुडाली होती. कलावंताने कारभार हाती घेतला की जोखीमही त्याच हाती येते.

सीडी आज किती खपतात, हेही तुमच्या मनात आले असेल. थोड्याच. इंटरनेटवर गाणे ऐकवणाऱ्या मोठ्या सेवांकडून एका वेळच्या ऐकण्याचे पैशांत मोजावे असे मोल येते. स्पॉटिफायने तर 2024 पासून नियम केला आहे की वर्षात हजार वेळा ऐकले न गेलेल्या गाण्याला काहीच द्यायचे नाही. लहान बँडची मिळकत म्हणून दुसरीकडून येते. ‘बँडकॅम्प’सारख्या ठिकाणी श्रोता अल्बम थेट विकत घेतो आणि ती संस्था अल्बमवर साधारण पंधरा टक्के ठेवून बाकी कलावंताला पोहोचवते. आणि सर्वांत भरवशाची मिळकत कशाची, सांगू? टी-शर्टची. काळ्या टी-शर्टावर काट्याकुट्यांसारखी वाचता न येणारी अक्षरे पाहून तुम्ही पुतण्याला बोलला असाल. त्या एका टी-शर्टातून बँडला जे सुटते, तेवढे मिळायला तेच गाणे कित्येक हजार वेळा ऐकले जावे लागते.

आता कागदपत्रांचा मुद्दा. तो कंटाळवाणा आहे म्हणून तरुण मुले टाळतात आणि नंतर पस्तावतात. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक चाल आणि शब्द, दुसरी त्या गाण्याचे प्रत्यक्ष मुद्रण. घराची जागा वेगळी आणि बांधकाम वेगळे, तसे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मुद्रणाचा मालक प्रथमतः ‘निर्माता’ असतो, म्हणजे ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. गाणारा नव्हे. हा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. पुतण्याने पंचविशीत वाजवलेली गिटार तो पंचाऐंशीचा होईपर्यंत कोणाच्या तरी मालकीची असणार आहे. ती कोणाच्या, एवढाच खरा प्रश्न. मुद्रणाचे मालक तुम्ही नसाल तर स्वतःच्या लग्नाच्या व्हिडिओला स्वतःचेच गाणे लावतानाही परवानगी मागायची वेळ येऊ शकते.

आणि इथे एक गैरसमज उलट बाजूचाही काढायला हवा. मालक वाजवणारा आहे म्हणजे व्यवहार चोख असणारच, असे नाही. ज्या ‘एसएसटी’चे मी वर कौतुकाने नाव घेतले, त्याच लेबलाशी त्याच्याच नामवंत बँडांचे मानधनावरून खटके उडाले. ‘मीट पपेट्स’ आणि ‘सॉनिक यूथ’ यांना आपली मूळ मुद्रणे तिथून सोडवून घ्यावी लागली. ‘हायड्रा हेड’ने 2012 साली नवे अल्बम काढणे थांबवले ते कर्जाच्या ओझ्याने. तिथे लबाडी नव्हती, पण हिशेब जुळला नाही. उलट ‘डिस्कॉर्ड’ बँडांशी लेखी करार न करता, नफा वाटून घेत चार दशके सचोटीने चालले. ते अपवाद म्हणून कौतुकाचे आहे, धडा म्हणून घेण्यासारखे नाही. मुंबईतलेच ‘ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी’ हे लेबल कुणाल चोक्सी चालवतात. ते मूळचे लिहिणारे, मेटलबद्दल लेखन करता करता लेबलकडे वळलेले. परदेशी बँडही आज मुंबईच्या या लेबलावर अल्बम काढतात. म्हणजे मालकाच्या हातात गिटार असलीच पाहिजे असेही नाही. कान तयार हवा आणि वही स्वच्छ हवी.

राहिला आरडाओरडा. यावर मी तुमच्याशी थोडे भांडणार आहे.

थळच्या किनाऱ्यावरून होडीने तुम्ही वेताळाच्या दर्शनाला खांदेरी बेटावर गेला असाल. तिथला तो दगड ठाऊक असेलच, दुसऱ्या दगडाने ठोकला की भांड्यासारखा वाजणारा. दगडातून धातूचा आवाज निघालेला ऐकून लहान मुले तिथून हलत नाहीत. मोठी माणसेही पुन्हा पुन्हा ठोकून पाहतात. त्याला आपण गोंगाट म्हणत नाही, नवल म्हणतो. कानाला अपेक्षित नसलेला आवाज अनपेक्षित जागेतून निघावा, हेच प्रयोगशील संगीतवाले शोधत असतात.

हेवी मेटलचा तो जाड, फाटलेला गिटारचा आवाज कसा होतो ते पाहा. ॲम्प्लिफायरला त्याच्या ताकदीपलीकडे आवाज मोठा करायला लावला की ध्वनिलहरींचे माथे कापले जातात. गोल टेकडीचे पठार व्हावे तसे. या कापण्यातून मूळ स्वरात नव्हते असे वरचे अनेक उपस्वर जन्मतात आणि आवाज दाट, खरखरीत होतो. पण त्याची एक अट असते. अशा फाटलेल्या आवाजात तीन-चार स्वर एकत्र वाजवले तर नुसता चिखल होतो. सर्वांत स्वच्छ टिकते ती एक जोडी. कोणती? षड्ज आणि पंचम. होय, तुमच्या देवळातल्या भजनात तंबोरा छेडतो तीच. या दोन स्वरांच्या कंपनांचे प्रमाण दोनास तीन असते, म्हणून त्यांच्या मिश्रणातून उपजणारे स्वरही त्याच कुळातले निघतात, शिवाय खालच्या सप्तकाचा षड्ज आपोआप घुमू लागतो. मेटलचा ‘जडपणा’ तो हाच. बँडवाले त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात, आपण सा-प म्हणू.

त्यात तारा सैल करून सगळेच खर्जात नेण्याची रीत पडली, तिच्यामागे एक अपघात आहे. बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमी या कामगार पोराची दोन बोटांची टोके वयाच्या सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली तुटली. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणे केली आणि तारा दाबायला हलक्या जाव्यात म्हणून पुढे त्या उतरवून लावल्या. त्याचा बँड ‘ब्लॅक सॅबथ’. 1970 साली आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमपासून हेवी मेटलची गणती करतात. लोखंडाच्या कारखान्यांच्या गावात, जखमी बोटांनी हा आवाज घडला. तो गुळगुळीत कसा असेल?

आणि गुरगुरणे? गळा फाडून ओरडणे ते नव्हे. तसे केले तर दोन कार्यक्रमांत आवाज बसेल. स्वरतंतूंच्या वर मांसल घड्या असतात, बोलताना आपण त्या वापरत नाही. त्यांना पोटातल्या श्वासाच्या आधाराने कंप द्यायला शिकावे लागते आणि त्यासाठी महिनोन्‌महिने रियाज लागतो. तुमचा पुतण्या बास वाजवतो, पण त्याच्या बँडचा गायक रोज सकाळी श्वासाचे व्यायाम करत असेल तर मला नवल वाटणार नाही.

सैतानाबद्दल तुम्ही लिहिले नाहीत, पण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात ती शंका असतेच म्हणून सांगतो. वर ज्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’बद्दल लिहिले, त्यांच्या 2017 च्या अल्बमचे नाव आहे ‘दशावतार’. मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराचे एकेक गाणे, अशी त्याची मांडणी आहे. शब्द इंग्रजी, आवाज जड, पण कथा तुमच्या आजीने सांगितल्या त्याच. नरसिंहाचे गाणे मंजुळ असावे अशी अपेक्षा करणेच मला चमत्कारिक वाटते. खांब फुटून जो बाहेर आला, त्याला गुरगुरता आवाजच शोभतो.

तुम्हाला हे संगीत आवडेलच असे माझे म्हणणे नाही. आवडायची सक्ती नसते. पण पुतण्याच्या लेबलवाल्याला गरजू समजून कीव करू नका आणि तो बँडवाला आहे म्हणून डोळे मिटून विश्वासही टाकू नका. पुतण्या पुढच्या वेळी रेवसची लाँच धरून येईल तेव्हा त्याला दोनच गोष्टी विचारा. मूळ मुद्रण कोणाच्या नावावर राहणार, आणि खर्च वजा करून वाटा किती, कधी. दोन्ही उत्तरे तोंडी असतील तर ती कागदावर उतरवून दोघांच्या सह्या करून घ्यायला सांगा. मैत्रीत कागद नको असे तो म्हणेल. होडीवरचे वाटे सख्ख्या भावांतही मोजूनच होतात, हे त्याला तुमच्याइतके चांगले कोणी सांगू शकणार नाही. त्या कागदाची एक प्रत थळच्या घरी, जमिनीच्या सातबाराशेजारी ठेवा. आणि अल्बम निघाला की फुकटची प्रत घेऊ नका, पैसे देऊन घ्या.